पौष अमावास्येचं अंदमान

पुण्यात कुणालाही सांगा की आम्ही अंदमानला निघालोय, पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पॅकेज कुणाचं घेतलंत? आम्ही कुणाचंच घेतलं नाही. एका टूरवाल्यांनी पाठवलेला कार्यक्रम दिसायला देखणा होता. पण त्यात नील बेटावरचा निसर्गानेच कोरलेला दगडी पूल सकाळी साडेदहाला होता, आणि स्कूबा डायव्हिंग अगदी शेवटच्या दुपारी, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असताना. त्या पुलापर्यंत फक्त ओहोटीला चालत जाता येतं. आणि डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात, चोवीस गेले तर उत्तम, कारण पाण्याच्या दाबाखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू द्यायचा असतो. एवढ्या दोन गोष्टी जिथे पाहिलेल्या नाहीत, तिथे म्हाताऱ्या माणसांचा आणि मुलीचा आठवडा कसा सोपवायचा? तेव्हाच ठरलं, आधी समुद्राचं वेळापत्रक बघायचं, विमानाचं मग.

बेट कोणतं यावर घरात मतं होती. नवऱ्याला बाली हवं होतं, पण जानेवारीत तिथे पावसाळा. मालदीवला त्या दिवसांत हवा छान असते, पण तोच तिथला महाग हंगाम. लक्षद्वीपला परवाना आधी काढावा लागतो आणि विमान पकडायला कोचीसारख्या ठिकाणी जावं लागतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मला ती कोठडी बघायची आहे. पंचाहत्तरी झाली माझी, आता पुढे ढकलू नका." विषय तिथेच मिटला. अंदमानच्या नेहमीच्या बेटांवर आपल्याला पासपोर्ट लागत नाही की परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. बाबांच्या पासपोर्टची मुदत कधीच संपलेली होती, तोही प्रश्न सुटला.

मग तारखा. बाबा मूळचे गुहागरकडचे. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना लहानपणापासून पाठ. मी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. डेहराडूनचं भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी कोष्टकं छापतं आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरही ती बघायला मिळतात. बाबांच्या हिशेबापेक्षा तिथली भरती दीडेक तास आधी येत होती. पण बाकीचा नियम तोच : अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, उधाण येतं आणि ओहोटीलाही पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि हटतही नाही. पूल नीट बघायचा तर अमावास्या किंवा पौर्णिमा हवी. त्यातही काळोख्या रात्री हॅवलॉक बेटाच्या पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव दिसतात, म्हणजे अमावास्याच हवी.

"अमावास्येला प्रवासाला निघायचं नाही हं," आईंनी (सासूबाईंनी) आधीच बजावलं.

कालनिर्णय काढून बसलो. पौष महिना, म्हणजे घराण्यात कुणाचं लग्न नाही, मुंज नाही, आमंत्रण नाही. पौष वद्य एकादशीला शनिवार. त्या रात्री निघायचं, बुधवारची अमावास्या बेटावर, आणि माघ शुद्ध चतुर्थीला, गणेश जयंतीला, संध्याकाळपर्यंत घरी. आईंनी पुन्हा एकदा बोटांवर मोजून बघितलं आणि मान डोलावली. विमानाची तिकिटं काढली, त्यापाठोपाठ बेटांमधल्या बोटींची, आणि हॉटेलं सगळ्यात शेवटी. हा क्रम मी कुणालाही आग्रहाने सांगेन. हॉटेल एका किनाऱ्यावर नाही मिळालं तर दुसऱ्या किनाऱ्यावर मिळतं, पण बोट भरली की तो दिवस हातचा जातो.

रविवार : पोर्ट ब्लेअर

पुण्याहून थेट जायची सोय आमच्या तारखांना नव्हती. लोहगावहून शनिवारी उशिरा चेन्नई, तिथे काही तास बसायचं, आणि पहाटेच्या विमानाने पोर्ट ब्लेअर. चेन्नईपासून बंगालच्या उपसागरावरून साधारण सव्वादोन तास लागतात. आईंची एकादशी होती. द्वादशीचं पारणं चेन्नई विमानतळावरच्या इडली-सांबारावर सुटलं. त्यांना ते फार आवडलं. "गरम आहे आणि वेळेवर आहे," म्हणाल्या.

शहराचं नाव २०२४ साली श्री विजय पुरम झालं. रिक्षावाले, हॉटेलवाले, बोटीवाले मात्र सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही तेच लिहिते. उतरल्यावर पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे ऊन. घड्याळ पुण्याचंच, पण आपण एकोणीस रेखांश पूर्वेला आलेलो असतो, त्यामुळे सूर्य सव्वा तास पुढे. जानेवारीत तिथे पावणेसहाच्या आत उजाडतं आणि सव्वापाचला सूर्य मावळतो. पुण्यात संध्याकाळच्या चहाला बसावं, तेव्हा इथे दिवेलागण. दहाला आवरून बाहेर पडणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस बुडाला म्हणून समजा.

सेल्युलर जेल सोमवारी बंद असतो, म्हणून रविवारी पोचल्या पोचल्या तोच. बाबा रात्रभर झोपलेले नव्हते, पण आराम करायला तयार नव्हते.

१८९६ साली बांधायला घेतलेला हा तुरुंग १९०६ साली पुरा झाला. मधोमध मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. आज तीनच उरल्या आहेत. बाकीच्या १९४१ च्या भूकंपात आणि नंतर गेल्या, त्या आवारात आता सरकारी रुग्णालय आहे. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात. म्हणजे समोर माणूस दिसूच नये, खूण करता येऊ नये, अशी ती रचना. बाबाराव सावरकर आधीपासून इथे होते. १९११ साली विनायकरावांना आणलं, तेव्हा धाकटा भाऊ याच भिंतींच्या आत आहे हे बाबारावांना कितीतरी दिवस कळलं नव्हतं. वाचून माहीत असतं हे. त्या वऱ्हांड्यात उभं राहून समोरची कोरी भिंत बघितली की कसं शक्य झालं ते कळतं.

सातव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला सावरकरांची कोठडी. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एक झरोका. बाबा फर्ग्युसनचे विद्यार्थी. तिथल्या वसतिगृहातली सावरकरांची खोली त्यांनी पाहिलेली आहे. चप्पल बाहेर काढून ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. आम्ही कुणी हाक मारली नाही.

बाहेर येताना त्यांचं लक्ष शेजारच्या कोठडीच्या कडीकडे गेलं. दाराचा लोखंडी अडसर गजांपाशी संपत नाही. तो लांबवर भिंतीतल्या एका खोबणीत जातो आणि कुलूप तिथे लागतं. बाबांनी आत उभं राहून गजांमधून हात बाहेर काढला, कोपर बाहेर आलं, खांदा गजांना टेकला, मनगट वळवून बोटं ताणली. खोबण तरीही लांबच. लेकीने करून बघितलं, तिचा हात बारीक म्हणून खांद्यापर्यंत गेला, तरी नाहीच. "म्हणजे त्यांना कुलूप नुसतं दिसायचं?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "दिसायचंही नाही. भिंतीत आहे ना ते."

खाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढून घेत. तेवढं भरलं नाही की शिक्षा. मनोऱ्यात कैद्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. बहुतेक नावं बंगालची, त्याखालोखाल पंजाबची. मराठी माणूस इथे एका नावासाठी येतो, ते साहजिकच आहे. पण या पाट्यांसमोर वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. उल्लासकर दत्त आहेत, बारींद्रकुमार घोष आहेत, १९३३ च्या उपोषणात नळीने बळजबरीने दूध पाजताना जीव गेलेले महावीर सिंह आहेत. लेकीने एका पाटीवरची नावं मोठ्याने वाचली. मी तिला थांबवलं नाही.

संध्याकाळच्या ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढून ठेवा, रविवारी गर्दी होते. अंधार लवकर पडतो, त्यामुळे कार्यक्रम संपवून आठच्या आत जेवायला बसता येतं.

सोमवार : हॅवलॉक

सकाळच्या बोटीने हॅवलॉक. २०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप, कारण नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. त्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या दिवशी रॉस, नील आणि हॅवलॉक या तिन्ही बेटांची नावं बदलली. खासगी बोटी दोन तासांच्या आत पोचवतात, पण त्या चारी बाजूंनी बंद आणि वातानुकूलित असतात. मळमळ होणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. आईंना दिली होती, त्या शांत झोपल्या.

हॅवलॉकच्या गावांची नावं ऐकून आई खूश झाल्या : गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर, विजयनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या, त्यांनी ठेवलेली ही नावं. आमचा रिक्षावाला त्यांच्यापैकीच, त्याचे आजोबा इथे आले तेव्हा सगळं जंगल होतं म्हणाला. आईंनी पर्समधून डबी काढून त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायचा आपला रिवाज, अजून नऊ दिवस होते. त्याने कपाळाला लावून खाल्ला आणि सांगितलं, आमच्याकडेही पौष संक्रांत असते, घरी तांदळाच्या पिठाचे पिठे करतात, आत गूळ-खोबरं. उकडीच्या मोदकाचं सारण कसं करतात ते आईंनी लगेच हिंदीत समजावलं. त्यांच्या हिंदीला कुठेही अडचण आली नाही. अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे सगळे एकमेकांशी हिंदीतच बोलतात.

राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तो संध्याकाळी बघायचा. संध्याकाळी म्हणजे साडेतीनला तिथे असायचं. पांढरी बारीक वाळू, दीड-दोन किलोमीटरची कमान, आणि वाळू संपते तिथून थेट उंच जंगल. मध्ये एकही दुकानांची रांग नाही. पाणी चढायला लागलं होतं. बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. मगरींच्या सूचनेचे फलक किनाऱ्यावर लावलेले आहेत, ते वाचा आणि पाळा. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे, आणि या बेटावर पूर्वी तिने माणूस मारलेला आहे. जीवरक्षक जिथे पोहू देतात तिथेच पोहायचं. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्याला आम्ही हाता-पायांना खोबरेल लावून गेलो होतो. त्यांचे पाय त्यात चिकटतात, चावे कमी होतात.

सूर्य सव्वापाचला बुडाला. सहाला गच्च काळोख.

मंगळवार : पाण्याखाली

डायव्हिंग आठवड्याच्या मध्यावर ठेवलं ते मघाशी सांगितलेल्या कारणासाठी. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता यायची गरज नाही, प्रशिक्षक सतत धरून असतो आणि बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. वयाची अट दहा वर्षं. आधी एक लांबलचक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात : दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाब. हा फॉर्म खरा भरा. "लिहू नका, काही होत नाही" असं सांगणारे लोक आम्हाला जेटीवरच भेटले. बाबांनी रक्तदाब लिहिला आणि ते किनाऱ्यावर थांबले. मी, नवरा आणि लेक उतरलो.

उथळ पाण्यात अर्धा तास शिकवतात. नळीतून तोंडाने श्वास, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून बाहेर, आणि खुणा. अंगठा वर म्हणजे 'मस्त चाललंय' नाही, 'मला वर न्या'. मस्त चाललंय हे सांगायला तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ करायचं. नवऱ्याने सवयीने अंगठा दाखवला आणि त्याला वर आणलं. खाली जाताना दर मीटरभराने नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानाच्या पडद्याच्या आतला दाब बाहेरच्या पाण्याएवढा होतो. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. कान दुखेपर्यंत थांबायचं नाही, दुखायच्या आधीच फुंकत राहायचं, हे प्रशिक्षकाने आमच्याकडून चारदा वदवून घेतलं.

खाली गेल्यावर मी सगळ्यात आधी लेकीला शोधलं. ती माझ्या उजवीकडे होती, केस वर तरंगत होते आणि डोळे मास्कमध्ये मोठे दिसत होते. तिच्या मनगटावर चतु:शृंगीचा लाल धागा होता. वर, बोटीत, तो कुंकवासारखा लालभडक. आठ मीटरवर तो मातकट करडा दिसत होता. पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषून घेतं, हे शाळेच्या पुस्तकात असतं, पण स्वतःच्या मुलीच्या मनगटावर ते बघताना मी प्रशिक्षकाने दाखवलेला मासा बघायचाच विसरले. त्याने टॉर्च मारला आणि धागा क्षणात लाल झाला. लेकीने धागा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि वर्तुळाची खूण केली.

प्रवाळ जिवंत आहे, पण सगळं नाही. २०१० साली समुद्राचं पाणी तापलं तेव्हा अंदमानचं खूप प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न देणारी सूक्ष्म शैवालं उष्णतेने निघून जातात, आणि ती परतली नाहीत तर प्रवाळ उपाशी मरतं. मेलेल्या फांद्यांच्या ढिगांवर नवीन वाढ जागोजागी दिसत होती, नखाएवढी, जांभळी, पिवळी. समुद्रफुलांत नारिंगी-पांढरे विदूषक मासे होते. पोपटमासा प्रवाळ कुरतडताना कटकट आवाज येतो, तो पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो.

बुधवार : अमावास्या

पहाटे काला पत्थरला सूर्योदय, मग पोटभर पुरी-भाजी, आणि दुपारी सक्तीची झोप, कारण खरा कार्यक्रम रात्रीचा होता. मधल्या वेळात नवरा आणि लेक बोटीने एलिफंट बीचला जाऊन आले. २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेली झाडं तिथे अजून वाळूत पडलेली आहेत. गर्दी फार, असा दोघांचाही अभिप्राय.

रात्री आठला आम्ही तिघं कयाक घेऊन खारफुटीच्या खाडीत शिरलो. भरती चढत होती, त्यामुळे मुळांमधून वाट मोकळी होती. लाइफ जॅकेट, पुढे-मागे एकेक वाटाड्या, आणि सगळ्यांचे टॉर्च बंद. गावाचे दिवे मागे पडेपर्यंत काही दिसलं नाही. मग लेकीने वल्हं पाण्यात घातलं आणि त्याच्या कडेने निळा उजेड फुटला. वल्हं बाहेर काढलं, उजेड गेला. त्यावरून ठिबकणारे थेंब पाण्यावर पडत होते, तिथे प्रत्येक थेंबाचं एक छोटं निळं वर्तुळ उमटत होतं. कयाकच्या खालून एक मासा गेला, त्याची सगळी वाट उजळली. हे एकपेशीय जीव आहेत, पाणी हललं की त्यांच्या आत एक रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर प्रकाश पडतो. चंद्र असता तर हे जेमतेम दिसलं असतं. अमावास्येने आम्हाला ते काठोकाठ दिलं.

मला मात्र जास्त लक्षात राहिलं ते परत आल्यावरचं. आई-बाबा किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही त्यांना हात धरून ओल्या वाळूत नेलं. आई वाकल्या, घोटाभर पाण्यात पंजा बुडवून त्यांनी बोटं उघडली, मिटली. बोटांच्या मधून निळे ठिपके वाहिले. त्यांच्या बांगड्यांच्या कडेनेही. त्यांनी हात बाहेर काढला नाही, तसाच हलवत राहिल्या. "अहो, इकडे या, बघा तरी," त्यांनी बाबांना हाक मारली, आणि मग बाबाही सावकाश खाली बसले. अमावास्येच्या रात्री समुद्रात हात घालायला आई तयार होतील असं मला पुण्यात सांगून पटलं नसतं.

गुरुवार : नील, आणि तो पूल

हॅवलॉकहून नीलला बोटीने तासाभरातच पोचता येतं. हे बेट लहान आणि सपाट, भाजीपाल्याचं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. सकाळी दहाच्या सुमाराला भरती होती, तेव्हा भरतपूरला पोहून घेतलं.

दुपारच्या ओहोटीचा तळ साडेचारला होता. आम्ही साडेतीनला निघालो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : पाणी सगळ्यात खाली जाईल त्याच्या तासभर आधी चालायला लागायचं, म्हणजे परतताना पाणी पाठीशी लागत नाही. उधाणाच्या दिवसांत तिथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सकाळी जिथे होड्या तरंगत होत्या, तिथे आता खडकांचं पठार उघडं पडलं होतं. खडक धारदार आणि शेवाळलेले, पट्टे असलेली, तळ धरणारी चप्पल हवी. आई थोड्या अंतरावर एका सपाट दगडावर बसल्या. बाबा कोकणातल्या कातळावर वाढलेले, ते काठी टेकत आमच्या पुढे.

स्थानिक वाटाड्याने डबकी दाखवली. समुद्रकाकडी, निळे ओठ उघडून बसलेला शिंपला, पाच बोटांची तांबडी तारामासळी. सावली पडली की शिंपला मिटायचा. काही उचलायचं नाही, हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं आणि एका पर्यटकाने उचललेली तारामासळी त्याच्या हातातून घेऊन परत पाण्यात ठेवली. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, बेटावरून नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासतात.

पूल म्हणजे प्रवाळ-चुनखडीच्या कड्यात लाटांनी कोरलेल्या दोन कमानी. गावातले बंगाली लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. खालून चालत गेलो. छताला हात लावला तर प्रवाळाचे जुने आकार बोटांना लागतात, खाचा, नळ्या, चांदण्या. कधीकाळी हे सगळं समुद्राच्या तळाशी वाढत होतं. बाबांनी घड्याळ बघितलं, साडेचारला पाच मिनिटं होती. पाणी खरंच तिथेच थांबलं होतं. सकाळी साडेदहाला याच जागी आमच्या डोक्याच्या वर पाणी असतं, असं वाटाड्या म्हणाला. टूरवाल्यांचा तो कागद आठवून मी नवऱ्याकडे बघितलं, त्यालाही तोच आठवला होता.

शुक्रवार : सरकारी बोट

परतीला मुद्दाम सरकारी बोट घेतली. हळू जाते, पण डेकवर उभं राहता येतं. आमच्याबरोबर भाजीची पोती, दोन सायकली, बाळंतपणाला पोर्ट ब्लेअरला निघालेली एक मुलगी आणि तिची आई. उडते मासे लेकीने मोजायचा प्रयत्न केला. ज्याला वेळ आहे त्याने एक तरी फेरी या बोटीने करावी, इथली माणसं भेटतात ती इथेच.

शनिवार : रॉस, आणि जिथे गेलो नाही ते

रॉस बेट पोर्ट ब्लेअरच्या समोरच. १८५८ साली कैद्यांची वसाहत सुरू झाली तेव्हापासून इंग्रजांचा कारभार इथून चाले. आता चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी कवेत घेतलंय, आणि हरणं माणसांच्या हातून खातात. बॉलरूम, बेकरी, टेनिस कोर्ट, आणि खाडीपलीकडे दिसणारा तुरुंग. बाबांनी एवढंच विचारलं, "इथे नाचत असताना त्यांना तो दिसत असेल ना?"

या दिवशी बहुतेक लोक बाराटांग बेटावर जातात. पहाटे तीनला निघून, जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत थांबून, जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात. पुढे चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. आम्ही गेलो नाही, आणि मी कुणाला जा म्हणणार नाही. जारवा काही शे माणसं आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्यांपासून लांब राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्या रस्त्याचा हा भाग बंद करायला सांगितलं होतं. २०१२ साली पर्यटकांसमोर जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचवल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा सगळ्या देशाने ती बघितली. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, असे नियम आहेत. पण ताफ्यातली निम्मी माणसं काचेला डोळे लावून कशासाठी बसलेली असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लेकीला आम्ही हे सगळं सांगितलं. तिने गुहांचा हट्ट सोडला.

रविवार : गणेश जयंती

दुपारच्या विमानाने चेन्नई, रात्र पडायच्या आत पुणे. आईंनी हातपाय धुऊन आधी दिवा लावला, आरती झाली, मग बॅगा उघडल्या. प्रसादाला जाऊबाई आल्या होत्या. त्यांना दिवाळीच्या सुट्टीत जायचंय. पूलही हवा आणि चमकणारं पाणीही.

मी कालनिर्णय पुढे ओढलं. दिवाळीत लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्याच, आणि पाडवा-भाऊबीजेला ओहोटी सगळ्यात लांब जाते. काळोख आयता, उधाण आयतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो, उपसागरात वादळं होतात आणि बोटी बंद राहतात. म्हणून परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला एक दिवस मोकळा ठेवायचा, नीलला मुक्काम दोन रात्रींचा करायचा, म्हणजे एक ओहोटी पावसात गेली तरी दुसरी मिळते. मे महिन्याचा विचारही करू नका, विसाच्या पुढे-मागे पाऊस अंदमानातच आधी उतरतो.

"पण भाऊबीज मला माहेरी हवी," त्या म्हणाल्या.

मग त्रिपुरी पौर्णिमा धरा, म्हटलं. पूल मिळेल, चमकणारं पाणी मिळणार नाही. त्यांनी शाळेच्या सुट्टीची तारीख मुलाकडून मागवून घेतली, दोन्ही पानं पुढे-मागे उलटली, आणि पौर्णिमेवर पेन्सिलने खूण केली.